आधी नाडी पाहा, मग मोटार उपसा



विहिरीवरची मोटार बंद पडली की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो एकच : "जळाली!" फ्यूज उडाला तरी जळाली, स्टार्टर धरत नसला तरी जळाली. लगेच मोटार उपसणाऱ्या पोरांना फोन जातो. बोअरमधून एकेक पाइप वर येतो, सबंध दिवस मोडतो, मजुरी जाते. मोटार टेंपोत घालून तालुक्याला नेली की दुकानदार जोडून पाहतो आणि म्हणतो, "मोटार तर ठणठणीत आहे की हो!" तोवर इकडे उन्हाळी कांद्याने माना टाकलेल्या असतात. जुनी माणसे याला म्हणत, आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

हे टाळता येते. आणि ते ज्या हत्यारांनी टाळता येते त्यांपैकी काही, पुष्कळांच्या मते, भंगारात घालायच्या लायकीची आहेत. आज त्यांच्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. नोकरीला लागलो तेव्हा डाक-तार खाते एकच होते. 1985 मध्ये टपाल वेगळे झाले आणि दूरसंचार वेगळे. सायकलच्या हँडलला पिशवी, खांद्यावर दोर, कमरेला पक्कड आणि पायाखाली येरळाकाठची वाट, अशी उमेदीची वर्षे गेली. पुढे खांबांवरच्या उघड्या तारा गेल्या, जमिनीतल्या केबली आल्या, मग घरोघरी मोबाइल आला आणि लँडलाइनची घंटा बंद होत गेली. निवृत्त होऊन मी शेतीला लागलो. मोडीत निघालेले सामान लिलावात विकले जाते आणि तिथून फिरत फिरत पुण्याच्या जुन्या बाजारात येते. तिथून मी तीन वस्तू विकत आणल्या : एक हाताने फिरवायचा मेगर, एक लाकडी पेटीतला ब्रिज आणि एक अर्थिंग मोजायचे यंत्र. घरचे म्हणाले, "सगळी जिंदगी ह्यात गेली, आता पुन्हा हेच घरात?" पण ह्याच तीन पेट्या आज आमच्या वाडीत मोटारसायकलइतक्या फिरतात.

टेलिफोनच्या तारेचे आजार तीनच. ते आमच्या खात्यातल्या कोणत्याही लाइनमनला झोपेतून उठवून विचारा. पहिला, तार तुटणे. त्याला आम्ही ओपन म्हणायचो. दुसरा, दोन तारा एकमेकींना चिकटणे, तो शॉर्ट. तिसरा, तार जमिनीला लागणे; तो अर्थ. गिऱ्हाईक सांगायचे, "फोन खरखरतो", "घंटा वाजत नाही", "दुसऱ्याचे बोलणे ऐकू येते". तक्रारी शंभर तऱ्हेच्या, पण मुळाशी बहुतेक वेळा ह्या तिघांपैकी एक. आता तुमच्या मोटारीची केबल पाहा. तिचेही आजार हेच तीन! तार तीच, तांबे तेच, माती तीच, पाणी तेच. म्हणून टेलिफोनची नाडी पाहणारे हत्यार मोटारीची नाडीही पाहू शकते.

मेगर म्हणजे काय, ते आधी पाहू. तारेवरचे रबर किंवा प्लॅस्टिक विजेला किती अडवून धरते हे मोजणारे हे यंत्र. आत एक लहान डायनामो असतो. दांडा मिनिटाला सुमारे 160 फेऱ्यांच्या वेगाने फिरवला की 500 व्होल्ट तयार होतात. बॅटरी नको, सेल नको, चार्जिंग नको. इंग्लंडमधल्या सिडनी एव्हरशेड यांनी 1889 मध्ये असे यंत्र पुढे आणले आणि 1903 मध्ये "मेगर" हे नाव नोंदवले गेले. तेव्हापासून ते नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या यंत्राला आपले वायरमन मेगरच म्हणतात.

त्याची एक वायर मोटारीकडे जाणाऱ्या तारेला लावायची, दुसरी अर्थिंगला, आणि दांडा फिरवायचा. काटा अनंताच्या खुणेकडे गेला तर तारेचे कवच शाबूत. काटा शून्यावर आला तर तार कुठेतरी मातीला किंवा पाण्याला लागली. मधल्या आकड्यांची एक साधी खूणगाठ बांधा : आपल्या 415 व्होल्टच्या मोटारीला 1 मेगओमच्या खाली आकडा दिसला तर ती चालवू नये. दहा-वीस मेगओम असेल तर निर्धास्त चालवा.

जुन्या यंत्राचा काटा आकड्यापलीकडेही काही सांगतो. लांब केबल असेल तर काटा आधी थोडा खाली पडतो आणि मग सावकाश वर चढतो. हे निरोगी लक्षण. काटा एका जागी न थांबता थरथरत राहिला तर समजावे की कुठेतरी सांध्यात ओल आहे. नवे आकडेवाले यंत्र वाईट नाही, उलट पुष्कळ गोष्टी जास्त करते. घेण्याची ऐपत असेल तर जरूर घ्या. पण जुने मिळाले तर नाक मुरडू नका. मात्र घेताना व्होल्ट पाहा. आमच्या कामात कमी व्होल्टचे मेगरही असत. मोटारीला 500 व्होल्टचाच घ्यावा. कमी ताणाचे यंत्र कवचाचा कमकुवतपणा झाकून ठेवते.

आता दुसरी पेटी, ब्रिज. ही माझी आवडती. हिला विजेचा तराजू समजा. एका पारड्यात आपल्याला ठाऊक असलेला अडथळा, दुसऱ्या पारड्यात न ठाऊक असलेला. चकत्या फिरवत जायचे आणि काटा मधोमध शून्यावर आला की दोन्ही पारडी समान. ही युक्ती सॅम्युएल क्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली आणि 1843 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती लोकांपुढे आणली. ब्रिजला आजही व्हीटस्टनचेच नाव आहे.

ह्या तराजूची खरी कसोटी लागली ती समुद्रात. 1870 मध्ये ग्रेट ईस्टर्न नावाच्या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली. अशी केबल बिघडली तर शेकडो मैल समुद्रात गळ टाकून कुठे कुठे शोधणार? म्हणून किनाऱ्यावर बसूनच बिघाड किती अंतरावर आहे ते काढण्याच्या रीती बसवल्या गेल्या. तिथून त्या टेलिफोनच्या केबलीत आल्या आणि आमच्यापर्यंत पोहोचल्या. समुद्रासाठी निघालेली युक्ती कांद्याच्या वाफ्यातही चालते, ती कशी ते ऐका.

मागच्या वर्षी चैत्रात शेजारच्या शिवारातली सूनबाई सकाळी सकाळी माझ्याकडे आली. मालक नोकरीनिमित्त परगावी. शेती ही आणि तिचे सासरे पाहतात. दोन एकर कांदा पोसायला आलेला, आणि मोटार चालू केली की फ्यूज उडायचा.

"अण्णा, मामंजी म्हणतात मोटार जळाली. उपसायला पोरं सांगितलीत, दुपारी येतील. पैसे तेवढे हातात हायेत, पण ते गेले की खताला काय ठेवू?"

मी म्हटले, "पोरी, पोरांना सांजच्याला ये म्हणून सांग. मोटार काय पळून चालली नाही. आधी नाडी पाहू."

पेटीपासून विहिरीच्या कडेपर्यंत 180 मीटर केबल जमिनीतून गेलेली. विहिरीच्या काठावर खोके, आणि तिथून दुसरी केबल खाली मोटारीकडे. बोर्डावरचा मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले, तारा दोन्ही बाजूंनी सोडवल्या. मग आमच्या खात्यातला जुना नियम : अर्धे अर्धे करत जा. आधी खोक्यापासून खाली, मोटारीकडे, मेगर लावला. 20 मेगओम! तिन्ही तारांमधला अडथळाही सारखा निघाला, म्हणजे आतली वाइंडिंग तुटलेली नाही. मग जमिनीतल्या केबलला लावला. दोन तारा चांगल्या, तिसऱ्या तारेवर काटा थेट शून्यावर.

सासरे बाजेवर बसून पाहत होते. म्हणाले, "म्हंजी मोटार चांगली?"

"मोटार चांगली, आबा. रेडा आजारी हाय, तुम्ही पखालीला औषध देत होता."

पण एवढ्याने भागत नाही. 180 मीटर चर खणायचा म्हटले तर निम्मा कांदा उपटावा लागला असता. तिथे ब्रिज कामाला आला. विहिरीकडच्या टोकाला एक चांगली तार आणि ती बिघडलेली तार एकमेकींना जोडून दिल्या. म्हणजे जाऊन येऊन 360 मीटरचा एक फेरा झाला. इकडच्या टोकाला दोन्ही तारा पेटीला जोडल्या आणि बॅटरीचे एक टोक जमिनीला दिले. पेटीची एक बाजू 1000 वर ठेवली, दुसरी फिरवत गेलो. 208 वर काटा शून्यावर थांबला. आता हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा. 1000 आणि 208 मिळून 1208. त्यातले 208 म्हणजे बिघडलेल्या तारेचा वाटा. 360 गुणिले 208, भागिले 1208, उत्तर 62. पेटीपासून 62 मीटर. हा हिशेब तिच्या सातवीतल्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर केला.

एका मोजणीवर कुदळ घालायची नसते. पेटी विहिरीकडे नेली आणि त्या टोकाने तेच पुन्हा केले. तिकडून उत्तर आले 117. दोन्हींची बेरीज 179, आणि केबल 180. एका मीटरचा फरक, एवढा चालतो. टेप लावून खूण केली आणि दोन मीटर लांबीचा खड्डा हळूहळू उकरला. खाली सांधा निघाला. पाइपलाइनचा चर खणताना केबल तुटली होती आणि कुणीतरी साधी चिकटपट्टी गुंडाळून माती ओढली होती. पट्टीत पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. वायरमन बोलावला, जमिनीत चालेल असा पाणबंद सांधा करून घेतला, पुन्हा मेगर लावून आकडा पाहिला आणि मग फ्यूज घातले. दिवस मावळायच्या आत पाणी वाफ्यात होते. पोरांना सांगावा गेला, येऊ नका.

मी इथे काही जादू केली नाही, हे लक्षात घ्या. दोन्ही तारा सारख्या जाडीच्या आणि एकाच धातूच्या असतील तरच हा हिशेब जमतो. मोटारीच्या केबलचा अडथळा टेलिफोनच्या बारीक तारेच्या मानाने फार थोडा असतो, म्हणून जोडणीच्या वायरी आखूड आणि जाड घ्याव्या लागतात, नाही तर अंतर चुकते. आणि बिघाड अर्धवट, थोडीशी ओल असलेला असला तर काटा नीट हलतच नाही. तिथे दुसरी रीत लागते. हत्यार खोटे बोलत नाही, पण त्याला विचारायचे कसे ते शिकावे लागते.

तिसरी पेटी जिवाशी संबंध असलेली आहे, म्हणून माझ्या माताभगिनींनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. विहिरीवर, हौदावर धुणे धुताना किंवा पाइपला हात लागला की "मुंग्या येतात" असे पुष्कळ ठिकाणी ऐकतो. वर हसून सांगतात, "आम्हाला सवय झालीय." बायांनो, ह्या मुंग्या नव्हेत, हा यमाचा सांगावा आहे. आज पाय कोरडे होते म्हणून मुंग्या आल्या. उद्या चिखलात उभे असताना तीच वीज सोडणार नाही. गुरांना तर माणसापेक्षाही लवकर बाधते. चार पाय जमिनीवर, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर.

अशा वेळी मोटार ताबडतोब बंद करा आणि तपासून होईपर्यंत चालू करू नका. दोष बहुतेक दोन असतात : तारेचे कवच गेले आणि त्याच वेळी अर्थिंगही कुचकामी झाले. पहिला दोष मेगर सांगतो. दुसरा अर्थिंगचे यंत्र सांगते. टेलिफोन एक्स्चेंजला उत्तम अर्थिंग लागायचे, म्हणून हे यंत्र आमच्याकडे नेहमी असायचे. अर्थिंगची तार सोडवून यंत्राला जोडायची. तिच्यापासून सरळ रेषेत 30 मीटरवर एक लोखंडी खुंटी आणि मध्ये, साधारण 18 ते 19 मीटरवर, दुसरी खुंटी ठोकायची. दांडा फिरवला की आकडा दिसतो. मधली खुंटी मीटर-दोन मीटर पुढे-मागे करून पाहावी. आकडा फारसा बदलला नाही तर खरा. जितका कमी तितके अर्थिंग चांगले. वैशाखात माती वाळली की हा आकडा वाढतो, म्हणून तपासणी उन्हाळ्यातच करावी. पावसाळ्यात सगळीच अर्थिंग चांगली दिसतात!

आमच्या वाडीत एका ठिकाणी अशी तपासणी केली तर आकडा काही केल्या बसेना. खड्डा उकरला तर पट्टी गंजून तुटलेली. वर दिसणारी तार नवी कोरी, आत काहीच नाही. देवळाचा कळस झळझळीत आणि पाया पोकळ, तशातली गत. त्या घरी नवे अर्थिंग घातले आणि जोडीला 30 मिलिअँपिअरचा गळती-तोड ब्रेकर बसवला. तो ब्रेकर प्रत्येक विहिरीवर असावा, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता सावधगिरीच्या गोष्टी. त्या पाळायच्या नसतील तर ह्या पेट्यांना हात लावू नका.

मोजणी नेहमी वीज पूर्ण तोडून, फ्यूज काढून आणि टेस्ट लॅम्पने खात्री करूनच करावी. इन्व्हर्टर, जनरेटर किंवा सौर पॅनेल यांच्याकडून उलटी वीज येत नाही ना, तेही पाहावे. परवानाधारक वायरमन बरोबर असावा. खांबावरच्या तारांना तर कोणीच हात लावू नये, ते काम वीज कंपनीच्या माणसांचे. मेगर फिरत असताना दुसऱ्या टोकाला कोणी तार धरून बसलेले नसावे. मोजणी झाली की तारेत साठलेली वीज जमिनीला टेकवून उतरवावी. कॅपॅसिटर असेल तर तो आधीच सोडवावा. 2019 मध्ये सुरू झालेल्या कुसुम योजनेतून आणि नंतरच्या योजनांतून कित्येकांकडे सौर पंप आले आहेत. त्यांचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर सोडवल्याशिवाय मेगर लावला तर कंट्रोलर जागीच खलास होईल. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारांत वीज आहे, स्विच बंद असला तरी, हेही विसरू नका. आणि जुन्या बाजारात लाइनमनचा कानाला लावायचा टेस्ट फोन मिळतो, तो घरच्या 230 व्होल्टच्या तारेला लावून "वीज आहे का" पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो टेलिफोनच्या 50 व्होल्टसाठी बनवलेला आहे. तसे करणे म्हणजे नागाच्या बिळाला कान लावणे.

जुने यंत्र वापरण्याआधी त्याचीही परीक्षा घ्यावी. दोन्ही वायरी मोकळ्या ठेवून दांडा फिरवला तर काटा अनंतावर जायला हवा, एकमेकींना जोडून हळूच फिरवला तर शून्यावर. दुकानात थोड्या पैशांत 1 मेगओमचा रेझिस्टर मिळतो. तो लावून काटा एकावर येतो का पाहावे. चामडी पट्टा तुटला तर चालेल, पण वायरींवरचे रबर तडकलेले चालणार नाही. त्या आधी बदला. पेटी कोरड्या जागी ठेवा आणि सपाट ठेवून मोजा.

आणखी एक सवय लावून घ्या. आमच्या खात्यात प्रत्येक केबलची वही असे. कधी मोजली, किती आकडा आला, हवा कोरडी की पावसाची. आजचा एकच आकडा फारसे बोलत नाही. वर्षावर्षांच्या आकड्यांची रांग बोलते. दिवाळीला 50, अक्षय्य तृतीयेला 30, पुढच्या दिवाळीला 8 असे उतरत चालले तर मोटार अजून चालत असली तरी तिचे दुखणे सुरू झाले आहे, असे समजावे. मग भर हंगामात दगा बसण्याआधी आपल्या सवडीने दुरुस्ती करता येते. गाभण गाईचे दिवस आपण दिनदर्शिकेवर लिहून ठेवतोच ना? त्याच पानावर मोटारीचा आकडा लिहा. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला हे काम द्या, ती ते चोख करील.

प्रत्येकाने ह्या पेट्या विकत घ्याव्यात असे मी म्हणत नाही. एका वाडीला एक संच पुरतो. विकास सोसायटीने, पाणी वापर संस्थेने किंवा बचत गटाने एक मेगर आणि एक अर्थिंगचे यंत्र, जुने असो की नवे, घेऊन ठेवावे. गावातल्या आयटीआय झालेल्या दोन मुला-मुलींनी ते शिकून घ्यावे. तुमच्या पंचक्रोशीत एखादा निवृत्त लाइनमन असेलच. पारावर बसून सकाळचा पेपर वाचत असेल. त्याला चहाला बोलवा आणि विचारा, "अण्णा, अर्थ कसा शोधायचा?" तो आनंदाने सांगेल, कारण कित्येक वर्षांत त्याला हे कोणी विचारलेले नाही. त्याच्याकडचे हे शिक्षण कुठल्या जुन्या बाजारात मिळणार नाही. तो आहे तोवर घेऊन ठेवा.

आणि ह्या उन्हाळ्यात मोटार बंद पडली, तर "जळाली" म्हणण्याआधी एवढेच विचारा : मेगर लावला का?